शरदापासून शिशिरापर्यंत : सातारा-सांगलीच्या डोंगरांतली सुटी

सोनकी (सातारा)

साताऱ्याच्या डोंगरांत येणारे बहुतेक पाहुणे महाबळेश्वरचा एकच ठरीव कार्यक्रम घेऊन येतात. उशिरा न्याहारी, मग गाडीवाल्याने आखून दिलेले पॉइंट, संध्याकाळी वेण्णा तलाव आणि रात्री बाजारपेठेत चणे व चपलांची खरेदी. ऋतू कोणताही असो, कार्यक्रमात फरक पडत नाही. माझे म्हणणे असे की, आश्विनापासून माघापर्यंत हे डोंगर दर पंधरवड्याला पालटतात. म्हणून आधी पंधरवडा पाहावा आणि त्यावरून मुक्कामाचे ठिकाण ठरवावे. त्यासाठीच हा धागा काढला आहे. इथल्या जाणत्यांनी आपापल्या खोऱ्याची माहिती जरूर भर घालून द्यावी.

सुरुवात कासपासून करते, कारण शरदातले पहिले दिवस त्याचेच असतात. सातारा शहरापासून पंचवीसएक किलोमीटरवरचे हे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांसोबत जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि तेव्हापासून सप्टेंबरमधल्या गर्दीला अंत राहिलेला नाही. फुलांच्या हंगामात आधी नोंदणी करावी लागते, शुल्क भरावे लागते, गाडी लांब उभी करावी लागते, आणि हे सगळे योग्यच आहे. पठारावर जांभ्या खडकावर मातीचा थर इतका पातळ आहे की, झाडे मूळ धरू शकत नाहीत. बोटभर उंचीच्या वनस्पती मात्र पावसाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होतात. या मातीत पोषणद्रव्ये कमी असल्यामुळेच सीतेची आसवे आणि दवबिंदू यांसारख्या वनस्पती कीटक पकडून ती उणीव भरून काढतात. साताऱ्याचे नाव आपल्या शास्त्रीय नावात मिरवणारा वायतुरा इथलाच. म्हणूनच वाटेवरून खाली टाकलेले एक पाऊलसुद्धा इथे महागात पडते, हे मुलांना गाडीतून उतरण्यापूर्वीच सांगावे.

ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा मला कासचा सर्वांत चांगला काळ वाटतो. तेरड्याचे गुलाबी गालिचे तोवर विरळ झालेले असतात, पण पिवळी सोनकी फुललेली असते, कुमुदिनीच्या तळ्यात पांढरी फुले असतात आणि पाऊस थांबल्यामुळे हवा इतकी स्वच्छ होते की, पठाराच्या कडेवरून कोयनेचे खोरे दूरवर उलगडलेले दिसते. त्याच फेरीत भांबवलीचा तीन टप्प्यांत कोसळणारा वजराई पाहता येतो. ठोसेघरला जायचे असेल तर तेही याच दिवसांत उरकावे. डिसेंबरमध्ये तिथे जाऊन धबधब्याची धार शोधण्यात अर्थ नाही. ठोसेघरच्या वाटेवरचा सज्जनगड मात्र बाराही महिने आपला आहे. हिवाळ्यात गडावरच्या भक्तनिवासात राहून पहाटेची काकड आरती ऐकावी, दुपारी महाप्रसाद घ्यावा आणि संध्याकाळी उरमोडीच्या जलाशयावर उतरणारे ऊन पाहावे, याहून शांत सुटी मला ठाऊक नाही. माघ वद्य नवमीला, म्हणजे दासनवमीला, गडावर समर्थांच्या पुण्यतिथीचा उत्सव असतो. तेव्हा निवांतपणाच्या अपेक्षेने जाऊ नये, उत्सवासाठी म्हणून अवश्य जावे.

पुढचे पंधरवडे मी इतरांवर सोडते.

वैनगंगा (भंडारा)

सोनकीताई, धागा अगदी वेळेवर आला. दिवाळीच्या सुटीत आम्ही पहिल्यांदाच तुमच्या भागात येत आहोत. सोबत सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. दोन मुले आहेत, त्यांना किल्ला चढायचा आहे. आणि यजमानांनी वासोट्याचे नाव ऐकून ठेवले आहे. चौघांची मने एकाच सुटीत कशी राखावीत, हे कृपया सांगावे. आणखी एक विचारायचे होते. महाबळेश्वरला बर्फ पडतो, असे दर हिवाळ्यात छायाचित्रांसह वाचनात येते. ते खरे आहे का?

जावळी खोरे

वैनगंगाताई, वासोट्याबद्दल मी लिहितो. वासोटा कोयना अभयारण्यात आहे आणि त्यावर जाण्याची नेहमीची वाट पाण्यावरून आहे. बामणोलीला पोहोचायचे, वन विभागाची परवानगी घ्यायची आणि लाँचने शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडून मेट इंदवलीला गडाच्या पायथ्याशी उतरायचे. लाँचलाच दीड तासाच्या आसपास वेळ जातो. पुढे दोन-अडीच तासांची चढण आहे आणि तीही घनदाट जंगलातून, जिथे सूर्य डोक्यावर आला तरी पायवाटेवर सावली असते. गडावर मुक्काम करता येत नाही. दिवस मावळण्यापूर्वी परतावेच लागते. म्हणून साताऱ्यातून पहाटेच निघायला हवे, किंवा आदल्या रात्री बामणोलीतच राहावे. मी दुसरा पर्याय सुचवीन. तिथल्या घरगुती मुक्कामात नाचणीची भाकरी आणि जलाशयातले ताजे मासे मिळतात, आणि पहिल्या लाँचला जागा मिळण्याची शक्यता वाढते.

पावसाळ्यात बंद असलेली ही वाट साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर खुली होते. दिवाळीत धरण काठोकाठ भरलेले असते, त्यामुळे लाँच पायथ्यापर्यंत जवळ जाते. उन्हाळ्याकडे पाणी ओसरत जाते तशी चिखलातली चाल वाढते. दिवाळीत जंगल हिरवे असते, पण वाट निसरडी असू शकते आणि जळवाही भेटतात. डिसेंबर-जानेवारीत वाट कोरडी असते आणि बाबू कड्यावरून दिसणारी कोकणाकडची उतरण धुक्याविना पाहायला मिळते. या कड्याचे वर्णन मी करणार नाही. तिथे उभे राहिल्यावर बोलणे आपोआप थांबते. गडाचा इतिहास मुलांना आधी सांगून ठेवावा. १८१७-१८ च्या इंग्रज-मराठे युद्धात हंटर आणि मॉरिसन या दोन इंग्रज अधिकाऱ्यांना पेशव्यांनी याच गडावर कैदेत ठेवले होते. चहूकडे पसरलेले रान पाहिले की, कैदेसाठी हीच जागा का निवडली असेल, हे मुलांनाही समजते.

मुले दहा वर्षांहून लहान असतील तर मात्र वासोटा पुढच्या खेपेस ठेवावा. त्याऐवजी पाटणजवळचा दातेगड पाहावा. चढ थोडा आहे, आणि खडकात खोदलेली तलवारीच्या आकाराची विहीर मुलांच्या कायम लक्षात राहते.

सोनकी

जावळीदादांनी वासोट्याचे सर्व सांगितलेच. वैनगंगाताई, तुमच्या चौघांसाठी मी महाबळेश्वरच्या ऐवजी वाई किंवा पाचगणीचा मुक्काम सुचवते. दिवाळीच्या सुटीत पाचगणी ते महाबळेश्वर हा एकोणीसएक किलोमीटरचा रस्ता दुपारनंतर गाड्यांनी भरून जातो आणि सासूबाईंना त्या रांगेत बसवणे इष्ट नाही. वाईला राहिल्यास पहिली सकाळ त्यांच्या नावे ठेवावी. कृष्णेच्या घाटावरचा ढोल्या गणपती १७६२ मध्ये गणपतराव रास्ते यांनी बांधविला. तिथून तीनएक किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. वाड्यामागच्या घाटावरच्या छोट्या देवळात वसईच्या मोहिमेतून आणलेली, १७०७ साल कोरलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. घाटाच्या पायऱ्या उतरणे जमले नाही, तरी वरूनच कृष्णा दिसते. साताऱ्याकडे येताना लिंब गावातील बारा मोटांची विहीर पाहावी. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत विरूबाई भोसले यांनी ती बांधविली. विहिरीच्या पोटातच महाल आहे. मुलांना खाली नेऊन तो दाखवा. सासूबाईंना वरच्या काठावरून सगळी रचना नीट दिसेल.

आता एक आग्रहाचे सांगते. मुक्काम कुठेही असो, एक पहाट पसरणी घाटासाठी राखून ठेवा. पावसाळा सरल्यावर स्वच्छ रात्रीनंतर वाईच्या खोऱ्यात धुके साचते आणि घाटाच्या वरच्या वळणावरून पाहिले की खाली गाव दिसतच नाही, पांडवगड आणि कमळगड यांचे माथे तेवढे त्या पांढऱ्या पसाऱ्याच्या वर उभे असतात. ऊन चढले की अर्ध्या-पाऊण तासात सारे विरते. म्हणून सूर्योदयापूर्वीच तिथे असायला हवे. यासाठी गुडघे चांगले असण्याची गरज नाही, गाडीतूनही ते दिसते.

बर्फाबद्दल जाणकारांनी लिहावे.

नभांगण

बर्फ पडत नाही. जे दिसते ते गोठलेले दव असते आणि स्थानिक लोक त्याला हिमकण म्हणतात. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंतच्या काही मोजक्या पहाटे वेण्णा तलावाच्या परिसरात आणि लिंगमळ्याकडे ते दिसतात. कारण असे की, आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला म्हणजे जमीन रात्रभर आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहते. तिच्या लगतची हवा थंड होऊन जड होते आणि उतारावरून वाहत खोलगट भागात साठते. तलावाचा परिसर असाच वाडग्यासारखा आहे. त्यामुळे उंचावरची बाजारपेठ तुलनेने उबदार राहते आणि तलावाकाठच्या गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर, बोटींच्या धक्क्यावर पांढरा थर चढतो. सोनकीताईंनी सांगितलेल्या वाईच्या धुक्यामागेही खोऱ्यात साठणारी हीच थंड हवा आहे. दिवाळीत हिमकणांची अपेक्षा ठेवू नये. जानेवारीत येणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी वारा पडला आहे का आणि ढग नाहीत ना, एवढे पाहावे. दोन्ही जुळले तर पहाटे साडेपाचला तलावाकडे निघावे.

तीच रात्र आकाश पाहण्यासाठीही उत्तम असते, आणि डोंगरावर येऊन रात्री खोलीत दूरचित्रवाणीसमोर बसणाऱ्यांबद्दल मला मनापासून वाईट वाटते. नोव्हेंबरच्या संध्याकाळी देवयानी दीर्घिका जवळजवळ डोक्यावर असते आणि अंधाऱ्या जागी ती नुसत्या डोळ्यांना पुसट ढगासारखी दिसते. डिसेंबरमध्ये कृत्तिका, रोहिणी आणि मृग एकामागून एक पूर्वेला वर येतात. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. चंद्र नसेल तर तो अवश्य पाहावा, रात्री दहानंतर उल्का वाढत जातात. यासाठी बाजारपेठेचे दिवे टाळायला हवेत. तापोळ्याच्या बाजूला एखाद्या घरगुती मुक्कामाचे अंगण पुरेसे आहे. सुटी अमावास्येच्या आसपास आखली तर अधिक चांगले, आणि दिवाळी तर अमावास्येलाच असते.

भिलारचे शेत

स्ट्रॉबेरीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. आमचे घर हे पीक घेते. सप्टेंबरपासून गादीवाफ्यांवर रोपे लागतात, वर मल्चिंगचा कागद अंथरला जातो, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस फळ हाताशी येऊ लागते. मार्च-एप्रिलपर्यंत तोडणी चालते. म्हणजे दिवाळीत आलेल्या पाहुण्यांना शेतात फुले आणि हिरवी फळेच अधिक दिसणार. लालभडक शेत पाहायचे असेल तर डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. रात्रीची थंडी आणि दिवसाचे स्वच्छ ऊन यांच्या मेळाने फळ हळूहळू पिकते आणि त्यात गोडी भरते, हे आमचे वर्षानुवर्षांचे निरीक्षण आहे.

शेतात येऊन फळ तोडण्याची सोय आता अनेक ठिकाणी आहे. येताना एवढे पाळावे की, दोन वाफ्यांच्या मधल्या सरीतूनच चालावे, फळ ओढू नये, देठ नखाने तोडावा आणि न पिकलेले फळ चाखून टाकून देऊ नये. तोडणी पहाटे होते. तेव्हाचे फळ घट्ट आणि थंड असते. दुपारी रस्त्याकडेला उन्हात मांडलेल्या खोक्यापेक्षा सकाळी नऊच्या आत शेतावरून घेतलेले फळ कितीतरी सरस लागते. लाल मुळा आणि इथली गाजरेही घ्यावीत, त्यांना विनाकारण कमी लेखले जाते.

आमचे भिलार मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव आहे. घरांच्या ओसरीवर, देवळात, शाळेत विषयवार पुस्तके मांडलेली आहेत. कोणीही यावे, बसावे, वाचावे. त्यासाठी पैसे पडत नाहीत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी हिवाळ्याच्या उन्हात ओसरीवर पुस्तक घेऊन बसणे हीच खरी सहल, असे मी वैनगंगाताईंच्या सासूबाईंना सांगू इच्छितो. महाबळेश्वरजवळचे मांघर हे गाव २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून घोषित झाले आहे. तिथे मधपेट्या कशा हाताळतात, हे मुलांना दाखवता येईल.

घाटमाथा

सोनकीताईंच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. पॉइंट पाहणाऱ्यांना त्यांनी थोडे बाजूला सारले आहे. पॉइंट चुकीचे नाहीत, ते पाहण्याची वेळ चुकीची असते. ऑर्थर सीटला दुपारी बाराला गर्दीत उभे राहिल्यास कठड्यापलीकडे फारसे काही कळत नाही. हिवाळ्यात सकाळी आठच्या आत तिथे गेल्यास सावित्रीचे खोरे, बेसॉल्टचे एकावर एक रचलेले थर आणि कोकणाकडे तुटलेला कडा यांतून सह्याद्री कसा घडला, याचा जणू छेदच समोर येतो. दरीतून वर येणारा वारा हलकी वस्तू परत वर आणतो, म्हणून लोक बाटल्यांची झाकणे खाली फेकतात. ती सगळीच परत येत नाहीत, कड्याच्या कपारींत साठतात. कृपा करून हे करू नये आणि मुलांनाही करू देऊ नये. विल्सन पॉइंट १४३९ मीटरवर आहे, महाबळेश्वरात त्याहून उंच जागा नाही, आणि सूर्योदय व सूर्यास्त दोन्ही तिथूनच दिसतात. ऑर्थर सीटच्या वाटेवर क्षेत्र महाबळेश्वर लागते. पंचगंगेच्या देवळाजवळच कृष्णाबाईचे जुने दगडी मंदिर आहे. तिथे फार थोडे लोक थांबतात. शेवाळलेल्या त्या दगडांतून झिरपणारे पाणी पुढे आंध्रापर्यंत जाते, हे मुलांना तिथेच उभे राहून सांगावे.

प्रतापगड मी मुद्दाम वेगळा काढतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी गडाच्या पायथ्याशी जे घडले ते पुस्तकात सगळ्यांनी वाचलेले असते; पण जावळीचे रान, आंबेनळी घाटाची वळणे आणि गडाची जागा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय महाराजांनी खानाला इथेच का आणविले, हे उमगत नाही. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला शिवप्रतापदिन साजरा होतो. त्या दिवशी गाडी खाली दूरवर ठेवून चालण्याची तयारी हवी.

सोनकी

घाटमाथा, तुमचे म्हणणे मान्य आहे. माझा आक्षेप एका दिवसात दहा पॉइंट पाहण्यावर होता. एका सकाळी एकच पाहिला तर तो खरोखर पाहिला जातो.

वारणाकाठ (शिराळा)

धाग्याच्या नावात सांगली आहे आणि अजून सांगलीबद्दल एक अक्षरही आलेले नाही, म्हणून लिहीत आहे. शिराळा तालुक्याच्या पश्चिम टोकाला चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे. २००४ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० पासून कोयना अभयारण्यासह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. मणदूर-जाधववाडीकडून परवानगी घेऊन आत जाता येते आणि पावसाळा संपल्यावरच ते खुले होते. इथे येताना वाघ पाहण्याची अपेक्षा घेऊन येऊ नये. गवे दिसतात, सांबर दिसते, नशिबाने शेकरू दिसते. पण चांदोलीचे खरे देणे म्हणजे झोळंबीच्या सड्यावरून, म्हणजे खडकाळ पठारावरून, दिसणारे सलग रान आणि खाली पसरलेला चांदोली धरणाचा वसंतसागर जलाशय. नोव्हेंबरमध्ये सड्यावरचे गवत सोनेरी होऊ लागते आणि तो रंग जानेवारीपर्यंत टिकतो. गुढे-पाचगणीचे पठारही याच भागात आहे. पवनचक्क्यांखालून तिथला वारा अंगावर घेण्यासाठी थंडीत जाड कपडे हवेत.

वृद्ध माणसे सोबत असतील तर सागरेश्वर उत्तम. कडेगाव तालुक्यातले हे अभयारण्य उघड्या-बोडक्या टेकड्यांवर माणसांनी झाडे लावून उभे केले आहे. तिथे चितळ आणि सांबर सहज दिसतात, आणि पायथ्याला जुन्या देवळांचा समूह आहे. जवळच्या देवराष्ट्रे गावी यशवंतराव चव्हाणांचे जन्मघर आहे. डिसेंबरची एक दुपार या दोहोंना पुरते.

रस्त्याबद्दल एक गंभीर सूचना. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि कराड, इस्लामपूर, शिराळा, वाई या सर्व रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या व बैलगाड्या रात्रभर धावतात. अनेकांना मागे दिवा नसतो आणि ऊस बाजूला बराच बाहेर आलेला असतो. डोंगरातला प्रवास शक्यतो दिवसाच करावा. त्याचा एक फायदाही आहे. वाटेत चालू गुऱ्हाळ दिसले तर थांबावे, मालकाला विचारावे, आणि काहिलीतून नुकताच निघालेला कोमट गूळ व ताजा रस घ्यावा.

जावळी खोरे

आणखी एक विषय राहिला आहे आणि माझ्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. जानेवारीनंतर सगळ्या डोंगरांवरचे गवत वाळते आणि वणव्यांचा काळ सुरू होतो. यवतेश्वर, कास, अजिंक्यतारा, वैराटगड, कोणतीही बाजू घ्या, दर वर्षी काळे पडलेले उतार दिसतात. गवतात पडलेली बी, सरडे, कीटक, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, सारे त्यात जाते आणि पुढच्या पावसात उघड्या उतारावरची माती वाहून धरणात येते. थंडीत शेकोटीची हौस असते, हे मी जाणतो. ती मुक्कामाच्या अंगणात, मोकळ्या मातीवर, पाण्याची बादली जवळ ठेवून करावी. पठारावर, गडावर, रानाच्या कडेला कधीही करू नये. विझवलेल्या राखेवर हात ठेवून ती गार झाल्याची खात्री करावी. विडी-सिगारेटचे थोटूक गाडीच्या खिडकीतून टाकणे हा आमच्या लेखी गुन्हा आहे. कुठे धूर दिसला तर नुसते छायाचित्र काढून पुढे जाऊ नका. वन विभागाला आणि जवळच्या गावात कळवा. गावची पोरे झाडाच्या हिरव्या फांद्या घेऊन धावतात, पण त्यांना वेळेत कळले पाहिजे.

गडांच्या कड्यांना आग्या मोहोळे लटकलेली असतात. धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा तिथे वर्ज्य.

वैनगंगा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमचे असे ठरले आहे. वाईत चार रात्री मुक्काम. पहिल्या सकाळी ढोल्या गणपती व मेणवली. दुसऱ्या पहाटे पसरणी घाट आणि तिथून भिलार. तिसऱ्या दिवशी पहाटेच निघून क्षेत्र महाबळेश्वर, ऑर्थर सीट आणि दुपारपर्यंत परत. थोरला बारा वर्षांचा आहे, पण धाकटी सातच वर्षांची असल्याने वासोटा पुढे ढकलला आहे. चौथ्या दिवशी यजमान मुलांना घेऊन जाताना पांडवगड निवडतील की कमळगड, एवढेच ठरायचे आहे. सासूबाईंना मी लिंबची विहीर दाखवीन. दोन गडांपैकी मुलांना कोणता झेपेल?

सोनकी

कमळगड, पण वाटाड्या घेऊन. वाट रानातून जाते आणि ढोरवाटांमुळे चकवा बसतो. पायथ्याच्या गावातला एखादा माणूस आदल्या दिवशीच ठरवून ठेवा आणि त्याचा मोबदला आधीच बोलून घ्या. माथ्यावर गेरूच्या खडकात खोल उतरत गेलेली कावेची विहीर आहे. पायऱ्या ओलसर असतात, म्हणून धाकटीला यजमानांनी हाताला धरूनच उतरवावे आणि सोबत विजेरी ठेवावी. वर पिण्याचे पाणी मिळेल हे गृहीत धरू नये. माणशी दोन लिटर घरूनच न्यावे. सात वाजता चढायला सुरुवात केली तर दुपारच्या जेवणापर्यंत खाली येता येईल. वाईतली जागा मात्र आजच नक्की करा, दिवाळीत आयत्या वेळी मिळत नाही.